नगरवैद्य पॅट्रिक गेडीस

आपण ज्या गल्लींतून रोज शाळेस येतां तिच्यांत झाडें किती आहेत, पूर्वी तेथें विहीर होती काय, पावसाचें पाणी कोणत्या बाजूस वाहून जातें, असें कोणीं अवचित विचारलें तर आपणांपैकीं बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें येणार नाहीं. आपण शहरांत राहतों, परंतु शहर पाहत नाहीं. आणि तें बांधण्याचा, मोडण्याचा किंवा नीट ठेवण्याचा विचार हें सरकारी कचेरींतल्या कोणा इंजिनियरचें काम आहे असें समजून स्वस्थ बसतों. ही आपली समजूत खोटी पाडण्याकरितां ज्यांनीं सारें आयुष्य वेंचलें, अशा एका स्कॉच गृहस्थांचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकांत सांगण्याचें योजिलें आहे. त्यांच्या आयुष्याचीं दहा वर्षें हिंदुस्थानांत आणि त्यांतलीं पुष्कळशीं आपल्या मुंबईंत गेलीं, तरी आज त्यांचें नांव फारसें कोणाच्या कानीं पडत नाहीं.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म स्कॉटलंडांतील बॅलेटर या लहानशा गांवीं ता. २ ऑक्टोबर १८५४ रोजीं झाला. वडील पलटणींत होते. मुलगा लहान असतांच हें कुटुंब पर्थ या शहराजवळ टेकडीवरच्या एका घरांत राहावयास आलें. घरासभोंवार बाग होती. खालीं नदी आणि तिच्या कांठचें शहर पसरलेलें दिसे. वडिलांनीं मुलास कुदळ धरावयास शिकविलें आणि त्याला बरोबर घेऊन रानावनांतून लांब लांब फिरावयास नेलें. पुढें जगांतील मोठमोठ्या शहरांचे नकाशे ज्यांनीं काढले त्यांचा पहिला धडा हा असा बागेंतच झाला. उंचावरून सबंध गांव एका दृष्टींत घ्यावयाचें, आणि मग खालीं उतरून मातींत हात घालावयाचा, ही जोडी त्यांनीं जन्मभर सोडली नाहीं.

शिक्षण मात्र सरळ रस्त्यानें झालें नाहीं. शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेस्तव त्यांनीं कांहीं काळ पेढीवर कारकुनी केली. नंतर वनस्पतिशास्त्र शिकण्याकरितां एडिंबरो विद्यापीठांत नांव घातलें, तों एका आठवड्यांतच तेथील पद्धतीस कंटाळून ते बाहेर पडले आणि लंडनास हक्सले या प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञांच्या हाताखालीं जाऊन राहिले. पदवी अशी त्यांनीं कधींच घेतली नाहीं. (हें वाचून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतील हें आम्ही जाणतों. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं परीक्षा न देणारा हा मुलगा पुस्तकें मात्र अधाशासारखीं वाचीत असे.)

इ. स. १८७९ मध्यें अभ्यासासाठीं ते मेक्सिको देशांत गेले असतां त्यांच्यावर मोठाच प्रसंग ओढवला. डोळे गेले. सूक्ष्मदर्शकांतून पाहण्यावर ज्याचें सारें शास्त्र अवलंबून त्या पंचविशींतल्या तरुणास अंधाऱ्या खोलींत दिवसच्या दिवस पडून राहावें लागलें. त्या अंधारांत चाचपडतां चाचपडतां खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हातास लागल्या. एकेक चौकट म्हणजे एकेक विषय असें मानून, स्थळ, काम आणि लोक या तिहींचा परस्परांशीं संबंध कसा लागतो, याची जुळवाजुळव ते मनांत करूं लागले. पुढें दृष्टि बरीचशी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचें काम पूर्वीसारखें होईना. मग जो जिज्ञासु किडामुंगीकडे आणि पानाफुलांकडे पाहत होता तो मनुष्यांच्या वसतीकडे पाहूं लागला. जसें झाड आणि त्याची माती, तसा मनुष्य आणि त्याचें गांव.

एडिंबरो शहराचा जुना भाग त्या काळीं अत्यंत हलाखीच्या स्थितींत होता. धनिक लोक पूर्वींच नव्या पेठेंत निघून गेले होते आणि त्यांच्या उंचच उंच जुन्या वाड्यांत गोरगरिबांचीं बिऱ्हाडें एकावर एक रचल्यासारखीं राहत होतीं. जिने अंधारे, चौक घाणीनें भरलेले. इ. स. १८८६ मध्यें गेडीस यांचा विवाह ॲना मॉर्टन या सुशिक्षित बाईंशीं झाला. नवविवाहित जोडप्यानें चांगल्या वस्तींत सुखानें राहावें ही जगाची रीत. या उभयतांनीं ती मोडून जुन्या शहरांतल्या जेम्स कोर्ट नांवाच्या चाळवजा इमारतींत बिऱ्हाड केलें. भाषण नाहीं, वर्गणी नाहीं. पहिल्यानें आपल्या खोल्या स्वच्छ केल्या, भिंतींस चुना दिला, खिडकींत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांस हाताशीं घेऊन चौक झाडला. प्राध्यापकी करणारा मनुष्य हातांत ब्रश घेऊन जिन्यावर उभा आहे हें पाहून शेजारीपाजारी आधीं हंसले असतील. परंतु हळूहळू तेही कामास लागले. आम्हांस वाटतें, गेडीस यांच्या साऱ्या शास्त्राचें बीज या एका जिन्यावर सांपडतें. दुसऱ्याचें घर सुधारावयास जाणाऱ्यानें आधीं त्याचा शेजारी व्हावें, आणि जें त्यानें करावें असें वाटतें तें त्याच्या देखत स्वतः करावें.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८७ सालीं, याच भागांत त्यांनीं विद्यार्थ्यांकरितां एक वसतिगृह काढलें. त्यांत विशेष असा कीं त्यावर सुपरिंटेंडेंट नव्हता. खर्च, जेवणखाण, शिस्त सारें विद्यार्थ्यांनीं आपसांत ठरवावयाचें. ज्यानें उद्यां नगराचा कारभार पाहावयाचा त्यानें आज आपल्या खोलीचा, आपल्या पंगतीचा कारभार पाहण्यास शिकावें असा त्यांचा हेतु होता. शिवाय हें वसतिगृह गरिबांच्या वस्तींत असल्यानें विद्यार्थी आणि मजूर एकाच रस्त्यानें जातयेत. या यशानें उत्साह वाढून त्यांनीं आणखी जुनीं घरें विकत घेतलीं, दुरुस्त केलीं. किल्ल्याजवळ रॅम्से गार्डन म्हणून सुंदर घरांचा एक समूह उभारला. पैसा कोठून आला? बहुतेक कर्जानें. हिशेबाचें अंग त्यांना मुळींच नव्हतें. घरांचा व्याप इतका वाढला कीं अखेर १८९६ मध्यें मित्रमंडळींस एक कंपनी काढून तो आपल्याकडे घ्यावा लागला. घर चालविण्याचा भार पत्नीवर किती पडला असेल याची कल्पना आमच्या वाचकांतील मातांनींच करावी.

दरम्यान १८८८ सालीं डंडी येथील कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. ही नेमणूक अशी होती कीं वर्षांतून उन्हाळ्याचे थोडेच महिने शिकवावयाचें. बाकीचा काळ त्यांनीं शहरांस दिला, आणि १८९२ मध्यें एडिंबरो येथील एक जुना मनोरा घेऊन त्याची जी शाळा बनविली तिची कीर्ति पुढें दूरवर गेली. मनोऱ्याच्या माथ्यावर एक अंधारी कोठडी आहे. आंत आरसा आणि भिंग अशा युक्तीनें बसविलें आहे कीं मधल्या पांढऱ्या मेजावर बाहेरचें चालतें बोलतें शहर चित्रासारखें उमटतें. पाहुण्यास ते आधीं जिने चढवून थेट वर नेत, हें चित्र दाखवीत आणि मग मजल्यामजल्यानें खालीं उतरवीत. एका मजल्यावर एडिंबरोचे नकाशे आणि इतिहास, त्याखालीं स्कॉटलंड, त्याखालीं इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि सर्वांत खालीं सारी पृथ्वी. आपल्या शाळांत भूगोल याच क्रमानें शिकवितात. पण शिकवितांना खिडकी उघडून बाहेरचा गांव दाखविण्याचें बहुधा राहून जातें.

मनोऱ्यांतील मंडळी केवळ पाहत बसली नाहींत. त्यांनीं जुन्या शहरांतल्या मोकळ्या, पडीक जागांची गल्लोगल्ली जाऊन मोजणी केली. कोठें पडलेल्या घराची जागा, कोठें कचऱ्याचा कोपरा, अशा ७५ जागा निघाल्या आणि त्यांचें क्षेत्र मिळून सुमारें १० एकर भरलें. गेडीस यांची कन्या नोरा हिच्या देखरेखीखालीं त्यांपैकीं कांहीं जागांच्या लहान लहान बागा झाल्या. खोदावयास, पाणी घालावयास आसपासचीं मुलें आणि रहिवासी. ज्या मुलानें रोप लाविलें तें मुलगा उपटीत नाहीं, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाचा आहे.

त्यांचे सगळेच बेत सिद्धीस गेले असें नाहीं. डन्फर्मलिन गांवाच्या उद्यानाकरितां त्यांनीं मोठा आराखडा करून १९०४ मध्यें तो जाडजूड पुस्तकाच्या रूपानें छापला, पण संबंधित विश्वस्तांनीं तो स्वीकारला नाहीं. त्यानें ते खचले नाहींत. नगररचनेचें एक फिरतें प्रदर्शन त्यांनीं सिद्ध केलें: जगांतील अनेक शहरांचे नकाशे, चित्रें, मोजणीपत्रकें. नगररचना हें लोकांनीं समजून घ्यावयाचें शास्त्र असल्यामुळें तें लोकांपुढें मांडलेंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बेल्जममधील गेंट येथें १९१३ सालीं त्यास मोठें बक्षीस मिळालें. तेव्हां मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनीं त्यांस हिंदुस्थानांत बोलाविलें.

इ. स. १९१४ च्या शरदृतूंत गेडीस हिंदुस्थानास निघाले. प्रदर्शनाच्या पेट्या क्लॅन ग्रँट नांवाच्या दुसऱ्या बोटीवर होत्या. पहिलें महायुद्ध सुरू झालेलें. ज्या एम्डन नांवाच्या जर्मन लढाऊ जहाजानें मद्रासवर तोफा डागल्या होत्या, त्याच जहाजानें ती बोट समुद्रांत बुडविली. कित्येक वर्षांचा संग्रह एका दिवसांत तळाशीं गेला. वय साठ. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून परतला असता. गेडीस यांनीं स्वदेशीं मित्रांस पत्रें धाडलीं. मित्रांनीं जमेल तितके नकाशे आणि चित्रें पुन्हां गोळा करून पाठविलीं, आणि १९१५ च्या आरंभीं मद्रास येथें प्रदर्शन उघडलेंही.

येथून पुढचीं वर्षें म्हणजे अखंड प्रवास. मदुरा, तंजावर, अहमदाबाद, सुरत, लखनौ, लाहोर, बलरामपूर, डाक्का. आपल्याकडचें ठाणेंही त्यांत आहे. संस्थानिक आणि नगरपालिका त्यांस बोलावीत आणि ते शहरामागून शहर पाहून अहवाल लिहीत. पाहण्याची त्यांची पद्धत न्यारी होती. कचेरींत बसून नकाशावर पट्टी ठेवावयाची नाहीं. पहांटे उठून हातांत नकाशा घेऊन गल्लीगल्लींतून पायीं हिंडावयाचें, कोणतें घर पडकें, कोणतें नांदतें, विहीर कोठें, देऊळ कोठें, पार कोठें, बायका पाण्यास कोणत्या वाटेनें जातात हें सारें टिपून घ्यावयाचें. त्या काळीं जुन्या वस्तीची सुधारणा म्हणजे तिच्या मधोमध एक रुंद सरळ रस्ता कापून काढणें असें समजत. त्यांत शेंकडों घरें जात, आणि बेघर झालेले लोक शेजारच्या गल्ल्यांत दाटी करीत. म्हणजे रोग बरा न होतां नुसता सरके. गेडीस म्हणत कीं वैद्य आधीं नाडी पाहतो, मग औषध देतो. आणि शस्त्रक्रिया करावयाचीच झाली तर रोगी वांचेल अशा बेतानें करतो. येथें एक पडकें घर काढा, तेथें कोपरा मोकळा करून झाड लावा, ही गल्ली त्या गल्लीस जोडा, म्हणजे चांगलें घर एकही न पाडतां वस्तीस श्वास घेतां येईल. या पद्धतीनें खर्च कितीतरी कमी येतो हें त्यांनीं आंकडे मांडून दाखविलें. हिंवतापाच्या भीतीनें जुनीं तळीं बुजविण्याचा सपाटा चालला होता, त्यासही त्यांनीं विरोध केला. तळें स्वच्छ ठेवा, त्यांत मासे आणि बदकें सोडा, तीं डांसांचीं अंडींपिल्लीं खातील, असा त्यांचा सल्ला असे. इंजिनियर लोकांस हा म्हातारा उपद्व्यापी वाटला यांत नवल नाहीं.

इ. स. १९१७ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत सर्वांत कठीण गेलें. एप्रिल महिन्यांत थोरला मुलगा आलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ही बातमी आली तेव्हां पत्नी ॲना हिंदुस्थानांतच विषमज्वरानें अंथरुणास खिळली होती. मुलगा गेल्याचें दुःख तिला सोसवणार नाहीं म्हणून गेडीस यांनीं तिला तें सांगितलेंच नाहीं. जूनमध्यें तीही गेली. मुलगा जिवंत आहे असें समजूनच ती माउली वारली.

याच वर्षीं होळकरांच्या इंदूर शहराचें काम त्यांच्याकडे आलें. शहरांत प्लेग आणि हिंवताप यांनीं कहर मांडला होता. गेडीस नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरूं लागले, तों लोक दारें लावून घेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आपसांत कुजबुजत. त्यांनीं बरोबरच्या मनुष्यास कारण विचारलें, तेव्हां कळलें कीं प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, अशी आवई उठली आहे. आपण त्या लोकांस हंसूं नये. सरकारी माणूस नकाशा घेऊन दारांत आला म्हणजे घर पाडलें जातें, बिऱ्हाड उठतें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव होता.

गेडीस यांनीं व्याख्यान दिलें नाहीं किंवा हुकूम काढविला नाहीं. दिवाळी जवळ आली होती. त्यांनीं दरबारकडून दिवाळीच्या एका मोठ्या मिरवणुकीची परवानगी घेतली आणि शहरांत जाहीर केलें कीं मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या ज्या आळींत सर्वांत अधिक घरें स्वच्छ आणि दुरुस्त झालेलीं असतील त्या त्या आळीवरून ती नेण्यांत येईल. झालें. दिवाळीपूर्वीं घर झाडून सारवून काढण्याची चाल आपल्याकडे आहेच. तिला ही चुरस मिळाली. आपल्या दारावरून हत्ती जावा असें कोणास वाटणार नाहीं? घराघरांतून वर्षानुवर्षांची अडगळ निघाली. हजारों गाड्या कचरा बाहेर पडला, भिंतींस पांढरी सफेती आली, उंदीर पकडण्याचा धूमधडाका उडाला.

मिरवणुकीच्या दिवशीं आरंभीं संस्थानचे स्वार, हत्ती आणि उंट. त्यांमागें सुगीचे देखावे. मग वाद्यें बेसूर झालीं आणि पडक्या, कोंदट घरांचीं सोंगें आलीं. घाणीचा रावणासारखा अवाढव्य राक्षस आला, प्लेगचा प्रचंड उंदीर आणि मोठमोठाले डांस आले. त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडलेली, आणि पुन्हां मंगल वाद्यें. आतां कोण येणार म्हणून लोक माना उंचावून पाहतात तों शहरांतले झाडूवाले! अंगावर शुभ्र वस्त्रें, खांद्यावर नवे झाडू, त्यांवर फुलें. गाड्या नव्या रंगविलेल्या, बैल धुवून शिंगें रंगविलेले. डोक्यास नवीं पागोटीं, आणि त्यांचा रंग तोच जो नगराच्या मोठ्या अंमलदारांच्या पागोट्यांचा. इ. स. १९१७ मध्यें ज्यांची सावलीही लोक टाळीत त्यांस भर रस्त्यांत, साऱ्या नगरासमोर, असा मान मिळाला. त्यांच्यामागून नगरदेवता आली, पुढें व्हावयाच्या ग्रंथालयाच्या आणि इतर इमारतींच्या प्रतिकृति आल्या, कारागिरांच्या गाड्या आल्या, आणि शेवटीं तुळशीचीं रोपें वांटीत लोक चालले, कीं प्रत्येकानें आपल्या दारीं एक लावावें. रात्रीं उद्यानांत राक्षस आणि उंदीर यांचें दहन झालें आणि दारूकाम उडालें.

पुढें प्लेग ओसरला. तो या मिरवणुकीमुळेंच ओसरला असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं, कारण प्लेगचा जोर ऋतुमानाप्रमाणेंही कमी होत असतो. तसेंच झाडूवाल्यांस एक दिवस पागोटें मिळालें म्हणून दुसऱ्या दिवशीं त्यांचे कष्ट किंवा त्यांची उपेक्षा कमी झाली असेंही नाहीं. परंतु एक गोष्ट निश्चित झाली. ज्याला पाहून लोक दारें लावून घेत त्याच म्हाताऱ्याच्या हांकेस सारें शहर उठलें, आणि तें धाकानें उठलें नाहीं. त्यांचा इंदूरचा दोन भागांचा अहवाल १९१८ सालीं निघाला. त्यांतील पुष्कळ सूचना कागदावरच राहिल्या. योगायोग असा कीं त्या दिवाळीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१७ मध्यें, देशांतील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा पहिला क्रमांक आला आणि पुढेंही वर्षानुवर्षें तो टिकला.

इ. स. १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग काढला व त्याचे पहिले अध्यापक म्हणून गेडीस यांस नेमिलें. वर्गांत ते फार चांगले वक्ते नव्हते. दाढींतल्या दाढींत पुटपुटत बोलावयाचें, एका विषयावरून दहा विषयांवर उडी मारावयाची, कागदाच्या घड्या घालून त्यांच्या चौकोनांत साऱ्या विश्वाची मांडणी करावयाची. मेक्सिकोंतल्या अंधाऱ्या खोलींतली ही संवय सुटली नव्हती. परीक्षेपुरतें टिपण घेणारा विद्यार्थी त्यांच्या तासास हताश होत असावा. मात्र जो त्यांच्याबरोबर रस्त्यांतून फिरे त्याला तीच मुंबई निराळी दिसूं लागे. त्यांच्या विद्यार्थ्यांत मालवणांत जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे एक होते. मुंबई शहराविषयीं त्यांनीं लिहिलेला निबंध पाहून गेडीस प्रसन्न झाले आणि त्यांच्या शिफारशीनें घुर्ये उच्च अभ्यासाकरितां विलायतेस गेले. गेडीस १९२४ मध्यें गेल्यावर त्या विभागाची धुरा घुर्यांनींच वाहिली, आणि हिंदुस्थानांतील समाजशास्त्रज्ञांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालीं तयार झाल्या. गुरुशिष्यांचे विचार मात्र एक नव्हते. गुरूचा ओढा नगराकडे आणि नकाशाकडे, तर शिष्याचा जाति, धर्म आणि ग्रंथ यांकडे.

गेडीस यांचे दोष आम्हीं झांकून ठेवीत नाहीं. हातीं घेतलेलें काम पुरें होण्याआधींच ते दुसरें घेत. पुस्तकें सुरू करीत आणि टाकून देत. शिष्यांवर प्रेम फार, पण प्रत्येकानें आपलेंच काम पुढें चालवावें अशी अपेक्षाही फार. अमेरिकेंतील लुईस मम्फर्ड हे प्रसिद्ध लेखक त्यांस गुरु मानीत. १९२३ मध्यें भेट झाल्यावर या अपेक्षेच्या ओझ्यानें तेही गांगरून गेले.

हिंदुस्थानांतल्या प्रकृतीस न मानवणाऱ्या हवेनें आणि आजारानें थकून १९२४ सालीं ते परतले आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथें राहिले. थकलेल्या मनुष्यानें विसावा घ्यावयाचा. यांनीं डोंगराच्या उतारावरची पडीक जमीन घेऊन तेथें देशोदेशींच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृह बांधावयास काढलें, भोंवतीं बाग केली आणि घरावर एक मनोराही चढविला. मध्यंतरीं १९२५ सालीं पॅलेस्टाइनमधील तेल अवीव या वाढत्या नगराचा आराखडाही त्यांनीं करून दिला. पूर्वीं एकदां नाकारलेली सर ही पदवी त्यांनीं १९३२ च्या आरंभीं स्वीकारली. त्यानिमित्त लंडनच्या हिंवाळ्यांत त्यांस बराच काळ राहावें लागलें, त्यानें प्रकृति ढासळली. माँपेलिएस परतल्यावर ता. १७ एप्रिल १९३२ रोजीं त्यांस मरण आलें.

एडिंबरोचा तो मनोरा अजून उभा आहे. वरच्या अंधाऱ्या कोठडींत पाहुण्यांचा घोळका पांढऱ्या मेजाभोंवतीं उभा राहतो, आरसा फिरतो, आणि खालच्या रस्त्यावरून चाललेलीं माणसें मेजावर आपल्या हाताच्या अंतरावरून चालत जातात.